विसर्जनाआधी

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. त्यांच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेला, किमान ७५ वर्षे जुना, ज्याला काही महत्त्व आहे असा मजकूर. शिळाछाप आणि छापील पुस्तके यात धरलेली नाहीत. व्याख्या म्हणून हे योग्यच आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण त्या रेघेपलीकडे जे राहिले त्याचे काय? मुंबईत १८५० च्या आसपास शिळेवर छापलेली पोथी हस्तलिखितात बसत नाही. घरातल्यांना ती फार जुनी वाटते, अभ्यासकांना फार जुनी वाटत नाही. रद्दीवाला ती घेत नाही, कारण पोथीला तोलायला त्यालाही नको वाटते. मग ती माळ्यावर राहते.

छापील म्हणजे पुष्कळ, आणि पुष्कळ म्हणजे कुठे ना कुठे असणारच, हा समज आपल्यात पक्का आहे. जुन्या छापील धर्मग्रंथांचे जितके नुकसान या समजाने केले, तितके वाळवीनेही केले नसेल.

०

छापून झालेले पुस्तक कसे नाहीसे होते याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे अकरा हजारांच्या आसपास ओव्या. ते रायतूरच्या जेझुइटांच्या छापखान्यात १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. म्हणजे अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या. त्या तीनपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही.

ग्रंथ वाचला तो हातांनी केलेल्या नकलांमुळे. गोव्यात १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. कॅनराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र पुराण वाचणे आणि उतरवून घेणे चालू ठेवले. अशा नकलांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून छापील आवृत्ती काढली. देवनागरीतली एक नक्कल लंडनला मार्सडेन संग्रहात सापडली.

छापखाना असला म्हणजे ग्रंथ टिकतो, असे नाही. तीन आवृत्त्या निघूनही सगळ्या प्रती गेल्या. त्या एका दिवसात गेल्या नसणार. एक प्रत ओलीने, एक कसरीने, एक कुणी फेकल्याने गेली असेल. शेवटची प्रत जाताना ती शेवटची आहे हे कुणाला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते.

०

जे पुस्तक जास्त छापले जाते ते कमी उरते. विद्वानांनी घेतलेला भाष्यग्रंथ कपाटात शंभर वर्षे कोरा राहतो. व्यंकटेशस्तोत्राची चार पानांची पुस्तिका, हरतालिकेची कहाणी, आरत्यांचा संग्रह हे सगळे हातात मळते, फाटते, नवे आले की जुने जाते. पंचांग तर पाडव्याला जुने होतेच. एकोणिसाव्या शतकातले महाराष्ट्राचे धार्मिक जीवन समजून घ्यायचे तर या चोपड्या जास्त बोलक्या आहेत. पण नेमक्या त्याच ग्रंथालयांत नाहीत. घेतानाच त्या ‘पुस्तक’ म्हणून कुणी धरल्या नाहीत.

०

शिवलीलामृताची जुनी छापील पोथी हातात आली तर अकरावा अध्याय आधी पाहावा. बाकीचे तेरा अध्याय बऱ्या स्थितीत असतात आणि अकराव्याच्या पानांचे उजवे खालचे कोपरे गेलेले असतात, कारण पुष्कळ घरांत तो एकच अध्याय रोज वाचला जातो. गुरुचरित्रात चौदावा आणि अठरावा अध्याय असेच ओळखू येतात. सप्ताहाच्या वाचनात रोजचे अध्याय ठरलेले असतात. जिथे दिवसाचे वाचन थांबते तिथे हळदीचे बोट, तुपाचा ठिपका, वाळलेले तुळशीचे पान सापडते.

हे डाग पुसू नयेत. पोथी कशी वाचली गेली याची ती नोंद आहे आणि ती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. स्वच्छता म्हणजे मऊ कुंच्याने धूळ काढणे, एवढीच पुरे.

०

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. छापील कागदाला शिवायला सोवळ्यातले लोक तयार नव्हते. शाईत चरबी असते ही शंका होती. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकात त्या काळच्या या धास्तीचे उल्लेख आहेत.

आज हे वाचताना नवल वाटते. पण त्या धास्तीने एक चांगले झाले. छापखानेवाल्यांनी पोथीचे रूप मोडले नाही. आडवी सुटी पाने, ठळक वळणदार अक्षर, चारी बाजूंना दुहेरी रेघ, अध्यायाच्या आरंभी गणपती किंवा सरस्वतीचे चित्र. शिळाछापात लेखक खास शाईने लिहितो आणि तेच अक्षर दगडावर उतरते, त्यामुळे त्या पानांवर एका माणसाचा हात दिसतो. खिळ्यांच्या छपाईत तो दिसत नाही.

सुट्या पानांना शिवण नाही, डिंक नाही, कणा नाही. वाचताना पान दुमडावे लागत नाही, उचलून पालथे ठेवायचे असते. पुस्तक म्हणून बांधलेल्या ग्रंथाची पाने शिवणीजवळ मोडतात, पोथीची तशी मोडत नाहीत. पोथीला धोका वेगळा: एखादे पान हरवते, आणि हरवल्याचे कळायला वेळ लागतो. म्हणून जुनी पोथी उघडली की आधी पाने मोजावीत आणि पानांवरचे आकडे ताडून पाहावेत.

०

आता कागदाबद्दल. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

पुस्तक जितके जुने तितके जीर्ण, असे आपण धरून चालतो. एका फळीवर १८५५ च्या सुमाराची शिळाछापी पोथी आणि १९२५ च्या सुमाराची स्वस्त चोपडी शेजारी ठेवा. पोथीचे पान वाकते, पुन्हा सरळ होते. चोपडीचे पान कोपऱ्यातून दुमडले की तुटून हातात येते. सत्तर वर्षांनी लहान असलेले पुस्तक आधी मरते.

जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागदीपुरा इथला हातकागद चिंध्या आणि तागाच्या तंतूंचा होता. लांब तंतू, वर खळ, मग गुळगुळीत दगडाने घोटलेला. पेशवाईतली दप्तरे अशा कागदावर आहेत आणि अजून उलगडतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात विलायतेहून येणारा कागदही बहुतेक चिंध्यांचाच होता. पुढे वाचक वाढले, चिंध्या पुरेनात. यंत्राने लाकूड दळून लगदा करण्याची रीत युरोपात १८४४ च्या सुमारास निघाली आणि शतक संपेपर्यंत स्वस्त छपाईचा कागद जवळजवळ सगळा लाकडी लगद्याचा झाला. लाकडात तंतूंबरोबर लिग्निन असते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे-तपकिरी पडते. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी लावण्याची पद्धत १८०७ मध्ये निघाली आणि हळूहळू रूढ झाली. तुरटीने कागदात आम्ल येते, आणि आम्ल तंतूची साखळी जागोजाग तोडत राहते. पुस्तक बंद कपाटात असले तरी हे काम थांबत नाही. उष्णता आणि दमटपणा वाढला की वेग वाढतो. मग कोकणातल्या घरात काय होत असेल ते सांगायला नको.

शाई मात्र टिकते. छापाची काळी शाई म्हणजे काजळी आणि जवसाचे तेल. काजळी विटत नाही. तेल जास्त झाले असेल तर अक्षराभोवती तपकिरी कडे उमटते, एवढेच. अक्षर शेवटपर्यंत काळे राहते आणि त्याच्या खालचा कागद निघून जातो.

म्हणून काळजीचा क्रम लावायचा तर १८५० च्या पोथीआधी १८८० ते १९५० या काळातल्या स्वस्त धार्मिक पुस्तकांकडे पाहायला हवे. याच काळात सगळ्यात जास्त छापले गेले. कीर्तनकारांची आख्याने, संतचरित्रे, वारकरी फडांच्या भजनमालिका, सत्यशोधक समाजाची पूजाविधीची पुस्तके, ब्राह्मणेतर पुरोहितांसाठी निघालेल्या पोथ्या, दोन्ही महायुद्धांच्या काळात मिळेल त्या कागदावर काढलेल्या पारायण-प्रती. संशोधकांचे लक्ष अजून इकडे पुरेसे नाही आणि कागदाला थांबायला वेळ नाही.

०

आम्ल काढता येते. चुन्याच्या निवळीसारख्या सौम्य अल्कलीत पान बुडवून सुकवले की आम्ल मरते आणि थोडी चुनखडी कागदात राखण म्हणून राहते. बॅरो नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने विसाव्या शतकात ही रीत रुजवली. पण घरी करू नये. छापाची शाई पाण्यात टिकते, समासात कुणी लिहिलेली निळी शाई आणि ग्रंथालयाचा शिक्का टिकेलच असे नाही. मोडलेले तंतूही यामुळे सांधत नाहीत, पुढची झीज फक्त मंदावते.

०

घरगुती दुरुस्त्यांनी झालेले नुकसान पाहून जीव कळवळतो, कारण ते प्रेमापोटी झालेले असते.

सेलोटेप: पाच-दहा वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फेव्हिकॉल: एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, पान सोडवायला गेले की फाटते. आणि आता सर्वांत वाईट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातले लॅमिनेशन. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात वितळते, आत आम्ल तसेच राहते आणि ते प्लॅस्टिक परत काढता येत नाही. आजीची पोथी लॅमिनेट करून आणली असे कुणी आनंदाने सांगितले की काय बोलावे सुचत नाही.

दुरुस्तीचा एकच नियम आहे: जे केले ते पुढच्या माणसाला सोडवता आले पाहिजे. म्हणून जाणकार लोक पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या किंवा तांदळाच्या सत्त्वाची खळ वापरतात. पाणी लागले की खळ सुटते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. आज ते नको, तांब्याचे क्षार कागदाला चांगले नाहीत.

बांधणीवाल्याकडे द्यायचेच झाले तर एक वाक्य आधी सांगावे: कडा कापू नका. यंत्रात घालून तिन्ही बाजू सफाईने छाटल्या की समासातली जुनी टिपणे, पाठभेद, वाचणाऱ्याने घातलेल्या खुणा कापल्या जातात. अशा प्रती मी ग्रंथालयांतून हातात घेतल्या आहेत. कापडी बांधणी नवी कोरी, आणि समासातल्या प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरे नाहीत.

०

देवघर ही पोथीला ठेवण्याची जागा नाही, हे सांगताना मन जड होते. पण तिथे काजळी आहे, उदबत्तीचा धूर आहे, तुपाचे हात आहेत आणि अभिषेकाचे पाणी आहे. पोथीवर वाहिलेल्या अक्षतांना झुरळे येतात. साखरफुटाण्यांना मुंग्या येतात. ओले गंध लावले की पान तिथे सुरकुतते आणि बुरशी धरते. कागदावरची खळ खायला कसर येतेच, तिला आपण आणखी आमंत्रण देतो.

पारायणाला नवी छापील प्रत घ्यावी, जुनीची पूजा बासनातच ठेवून करावी. फूल बासनावर वाहावे. इतके साधे आहे.

बासन म्हणजे सुती कापड, धुऊन खळ काढलेले. लाल खारव्यात दप्तरे बांधायचा रिवाज होता. नवा लाल कपडा घेतला तर त्याचा रंग पाण्याने सुटतो का हे आधी पाहावे. वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, तंबाखूची पाने या पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तू आहेत. पुडी करून कपाटात ठेवाव्यात, पानांमध्ये घालू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली पोथी पावसाळ्यानंतर उघडून पाहा, आत ओल अडकलेली असते.

आश्विनात पुस्तकांना ऊन दाखवायची जुनी पद्धत आहे. त्यातला वाऱ्याचा भाग घ्यावा, उन्हाचा सोडावा. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, कोरड्या दिवशी. कडक ऊन लाकडी लगद्याच्या कागदाला थेट मारक असते.

०

जैनांनी हे काम सणात बसवून ठेवले आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झटकायचे, नवे वेष्टन घालायचे. श्वेतांबरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. पूजेचा भाग म्हणूनच निगा होते, वेगळी आठवण करावी लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या आणि कारंज्याच्या जैन मंदिरांतले ग्रंथ टिकले यात या दिवसांचा वाटा आहे.

षट्खंडागमावरची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके बंद होती. ती छापायला समाजातूनच विरोध होता. अखेर डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ मध्ये पहिला खंड निघाला आणि पुढे १९५८ पर्यंत सोळा खंड झाले. आरंभीचे खंड दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतले आहेत. ताडपत्र जपले जाते. त्या पहिल्या छापील आवृत्तीची प्रत, जिच्यामुळे हा ग्रंथ जगाला वाचता आला, तीही आता जपण्याच्या वयाला आली आहे.

०

मराठी धर्मग्रंथ म्हटले की नजर पंढरपूर-आळंदीकडे जाते, ते स्वाभाविक आहे. पण कपाट यापेक्षा मोठे आहे.

बेने इस्रायलींची, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांची, हग्गादा (वल्हांडण सणाची पोथी) मराठीत मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, आणि पुण्यात १८७४ मध्ये सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत वल्हांडणाची भाकर करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. हे पुस्तक जेवणाच्या वेळी वाचायचे. म्हणून त्यावर अन्नाचे, रसाचे डाग असतात आणि चांगल्या प्रती फार थोड्या राहतात. यहुदी रिवाजात जीर्ण पवित्र पुस्तक फेकत नाहीत, वेगळे साठवतात आणि मग पुरतात. कैरोच्या सिनेगॉगमधल्या अशा कोठडीत शेकडो वर्षांचा कागद शिल्लक राहिला आणि एका संपूर्ण समाजाचा इतिहास त्यातून लिहिला गेला. आधी साठवणे आणि मग निरोप देणे, या क्रमाने ते घडले.

पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला, रमाबाई १९२२ मध्ये गेल्या होत्या. हे पुस्तक चर्चच्या कपाटात असो की कुणाच्या पेटीत, ते मराठी स्त्रियांच्या छपाईच्या कामाचा पुरावा आहे आणि त्या नजरेने जपले जायला हवे.

०

कधी कधी छापील प्रत हीच मूळ होऊन बसते.

वि. का. राजवाड्यांना पाटांगणला ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. त्यांनी ती १९०९ मध्ये छापली. ती पोथी आज उपलब्ध नाही. तिच्याविषयी जी काही चर्चा होते ती राजवाड्यांच्या छापील पानांवरून. पाठ बरोबर उतरला का, कुठे दुरुस्ती केली, हे सगळे प्रश्न त्या १९०९ च्या पुस्तकालाच विचारावे लागतात.

तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यातली आवृत्ती १८६९ आणि १८७३ अशी दोन भागांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे संपादक. सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले होते. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या त्यांनी ताडून पाहिल्या आणि पाठभेद तळटिपांत दिले. पुढच्या स्वस्त आवृत्त्यांनी तळटिपा गाळल्या, ते त्यांच्या परीने ठीकच होते, वारकऱ्याला तळटिपा नको असतात. पण त्यामुळे मूळ आवृत्तीची जागा नंतरची कोणतीही आवृत्ती घेऊ शकत नाही. ‘गाथा काय, कुठेही मिळते’ असे म्हणून ती बाद करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

०

बाद करणे हा ग्रंथालयातला शब्द. एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयात ‘धार्मिक’ या विभागातली जीर्ण पुस्तके गोणीत भरून बाहेर ठेवलेली मी पाहिली. त्यांत दोन शिळाछापी पोथ्या होत्या. काम करणाऱ्या बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. जागा एक खोली, पगार तुटपुंजा, तपासणीत नवी खरेदी किती हे विचारतात, जुने किती जपले हे विचारत नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. ग्रंथालयांना वर्ग देताना जुन्या संग्रहाच्या निगेलाही गुण असावेत, एवढे तरी व्हावे असे मला कळकळीने वाटते.

मुद्रण आणि पुस्तक नोंदणीचा कायदा १८६७ मध्ये आला. त्यानंतर पुस्तके सरकारदरबारी नोंदली जाऊ लागली आणि त्यांच्या प्रती जमा होऊ लागल्या. त्याआधीच्या छापील पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रिते म्हणतात. नोंदणीमुळे अनेक मराठी पुस्तके लंडनला पोहोचली. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची १८९२ ची आहे. आपल्याकडे हे काम शंकर गणेश दाते यांनी उभे केले. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा. धार्मिक चोपड्यांचीही त्यांनी नोंद घेतली आहे. हातात आलेली पोथी त्यात सापडते का पाहावे. सापडली नाही तर ती आणखी महत्त्वाची.

०

पूर. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत किती घरांतल्या पोथ्या गेल्या याची यादी कुणी केली नाही. सांगलीत २०१९ मध्ये नगर वाचनालयात पाणी शिरले. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. तिथे २००५ मध्ये पाणी आले आणि २०२१ मध्ये पुन्हा आले. भिजलेली पुस्तके फुगून कपाटातच आवळली जातात, चिखल बसतो, दोन दिवसांत बुरशी सुरू होते.

अशा वेळी पाने उलगडायची घाई करू नये. वरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवावा, टीपकागद घालून पंख्याखाली ठेवावे. संख्या जास्त असेल तर शीतगृहात गोठवून ठेवावे, बुरशी थांबते आणि नंतर सवडीने सुकवता येते. फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुरानंतर जगभरच्या ग्रंथालयांनी या गोष्टी शिकून घेतल्या. कोकणात आंब्याची आणि मासळीची शीतगृहे आहेत. ग्रंथालयांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवायला काय हरकत आहे? पूर पुन्हा येणार आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. जुनी पुस्तके तळमजल्यावर ठेवू नयेत, हे तर बिनखर्चाचे.

०

स्कॅन झाले म्हणजे ग्रंथ वाचला, असे नव्याने ऐकू येते. स्कॅन हवेच. दूरच्या माणसाला वाचता येते, मूळ प्रतीवर हात कमी पडतात. पण मिळणारी कित्येक स्कॅन अपुरी असतात. एखादे पान राहिलेले, समास कापलेला, दोन पाने एकदम उलटलेली, कोऱ्या पानांवरची लिखाणे गाळलेली.

कोऱ्या पानांवर काय असते? पोथीच्या शेवटच्या पानावर मुलांच्या जन्मवेळा लिहिलेल्या असतात. ‘हे पुस्तक अमक्याचे असे’ आणि गावाचे नाव असते. कुणाच्या आजारपणात पारायण केले, शके, तिथी. एखाद्या सुनेने माहेराहून आणलेली पोथी असते आणि तिचे माहेरचे नाव फक्त तिथेच लिहिलेले असते. स्कॅन करणाऱ्याने पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत सगळे टिपावे.

०

शेवटी ज्या गोष्टीसाठी ही टिपणे लिहायला घेतली ती.

जीर्ण पोथी नदीत सोडतात. निर्माल्य कलशात घालतात, पिंपळाच्या पारावर ठेवतात, विहिरीत टाकतात. यामागे अनादर नाही, उलट पायदळी येऊ नये ही भावना आहे. घर बदलताना, वाडा पाडताना, आई-वडील गेल्यावर हे होते. मुले परगावी असतात, कुणाला वाचता येत नाही, ठेवायला जागा नसते आणि टाकायचे धाडस होत नाही. नदी हा त्यातला सोपा मार्ग वाटतो. दरवर्षी भाद्रपदात आणि दिवाळीच्या आवराआवरीत किती शिळाछाप असे जात असतील याला हिशेब नाही.

मूर्ती विसर्जनाआधी आपण उत्तरपूजा करतो. पोथीचीही करावी. फूल वाहावे, नमस्कार करावा, मन मोकळे करावे. आणि त्यानंतर ती पाण्याऐवजी ग्रंथालयात जाऊ द्यावी.

देण्याआधी पहिले आणि शेवटचे पान पाहा. छापखान्याचे नाव, शके किंवा सन, छापवून घेणाऱ्याचे नाव बहुधा शेवटच्या पानावर असते. शके १८७० च्या आतले काहीही असेल, अक्षर हाताने लिहिल्यासारखे वाटत असेल, पाने आडवी आणि सुटी असतील, तर ती एकदा जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवू नका. मोबाइलवर पहिल्या, शेवटच्या आणि लिखाण असलेल्या पानांचे फोटो घ्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर, किंवा तुमच्या जिल्ह्यातले जुने नगर वाचनालय, विद्यापीठाचा मराठी विभाग, यांपैकी कुणाला तरी ते पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. उत्तर उशिरा आले तर पुन्हा विचारा. तोवर पोथी सुती कापडात, जमिनीपासून उंच, भिंतीला न लागता ठेवा.